‘त्याला शिकायचंच नाही’

(नभोवाणीवरून दिलेल्या भाषणाचा संपादित भाग)



आपल्याकडे बहुतेक शाळा जूनच्या मध्याला सुरू होतात. पहिला आठवडा नव्या वह्यापुस्तकांत जातो, दुसरा वेळापत्रक बसवण्यात. तिसऱ्या आठवड्यापासून शिक्षकांच्या खोलीत एक वाक्य ऐकू यायला लागतं. ‘नववी ‘ब’वर जाऊन आलात का? त्या मागच्या दोन रांगांना शिकायचंच नाही हो!’ हे बोलणारा शिक्षक कामचुकार नसतो. तो बहुधा घसा कोरडा होईपर्यंत शिकवून आलेला असतो. समोरची मुलं खिडकीबाहेर बघत असतात, वही उघडत नाहीत, प्रश्न विचारला तर खाली मान घालून उभी राहतात. गृहपाठ मागितला तर ‘वही घरी राहिली’ हे ठरलेलं उत्तर. रागावलं तरी तेच, समजावलं तरी तेच.

मी माध्यमिक शाळेत गणित शिकवते. त्यामुळे हे वाक्य मी पुष्कळ वेळा ऐकलं आहे आणि ज्यांच्याबद्दल ते बोललं जातं ती मुलंही रोज पाहते. आज मला एवढंच सांगायचं आहे, की ‘शिकायचंच नाही’ हा रोग नव्हे, ते लक्षण आहे. ताप आला की डॉक्टर तापालाच रागावत नाहीत. तो कशाने आला ते शोधतात. वर्गातही तेच करावं लागतं.

पहिली गोष्ट अशी, की शाळेत मख्ख बसणारा मुलगा शाळेबाहेर मख्ख नसतो. आठवडी बाजारात भाजीच्या पाटीमागे बसलेली आमची विद्यार्थी मंडळी कधी बघा. चाळीस रुपये किलोची वांगी अर्धा किलो, ऐंशी रुपये किलोची मिरची पावशेर, गिऱ्हाइकाने शंभराची नोट दिली की पापणी लवायच्या आत साठ रुपये परत. हाच मुलगा सोमवारी वर्गात अपूर्णांकाच्या गुणाकारापुढे हात टेकतो. अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्ली इथल्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांचा असा अभ्यास केला आणि तो २०२५ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. बाजारातला अवघड हिशेब तोंडी करणारी मुलं तशीच आकडेमोड शाळेच्या पद्धतीने कागदावर मांडली की अडत होती. आणि गंमत म्हणजे शाळेतल्या ज्या मुलांना कागदावरची गणितं येत होती, ती बाजारातल्या हिशेबात अडखळत होती. म्हणजे डोकं दोघांकडेही होतं. मधला पूल कोणी बांधला नव्हता.

मग हा मुलगा वर्गात गप्प का? माझ्या अनुभवात याची कारणं मुख्यतः तीन आहेत आणि तिन्हींवरचे इलाज वेगळे आहेत.

पहिलं आणि सर्वांत मोठं कारण म्हणजे तो कुठेतरी खूप मागे सुटलेला असतो. शाळा सुरू झाली की मी नववीला पाच गणितांचा एक कागद देते. हातच्याची वजाबाकी, तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणं, अपूर्णांकांची बेरीज, शेकडेवारी आणि एक साधं समीकरण. गुण देत नाही, कागद कोणाला दाखवत नाही. मूल कुठल्या पायरीवर थांबलं, एवढंच पाहते. मागच्या बाकावरची पुष्कळ मुलं दुसऱ्या किंवा तिसऱ्या गणितावर थांबतात. म्हणजे चौथी-पाचवीच्या पायरीवर. आणि मी त्यांना शिकवणार असते बहुपदी!

हे फक्त माझ्या वर्गाचं दुखणं नाही. ‘असर’ नावाची देशभरातली पाहणी २००५ सालापासून होते. तिच्या २०२३ सालच्या फेरीत ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वर्षांच्या मुलामुलींना तपासलं गेलं. २६ राज्यांतले २८ जिल्हे त्यात होते. त्यांतल्या साधारण चौघांपैकी एकाला आपल्याच भाषेतला दुसरीच्या पातळीचा उतारा सफाईने वाचता आला नाही. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणं ४३.३ टक्के मुलांनाच जमलं. उरलेली निम्म्याहून अधिक मुलं ‘आळशी’ आहेत, असं म्हणणं सोपं आहे. पण या मुलांना वर्गात रोज सहा-सात तास न कळणारं ऐकत बसावं लागतं. आपल्याला कोणी एखाद्या अनोळखी भाषेतल्या व्याख्यानाला वर्षभर बसवलं तर आपणही खिडकीबाहेरच बघू.

दुसरं कारण, मुलाला येत असतं, पण ‘कशासाठी?’ या प्रश्नाचं उत्तर त्याला मिळालेलं नसतं. आणि तिसरं कारण, शरीर वर्गात आणि मन दुसरीकडे. बीड जिल्ह्यातून आणि मराठवाड्याच्या इतर भागांतून दर वर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजुरांची कुटुंबं पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात, ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. गावात आजी-आजोबा किंवा हंगामी वसतिगृह यांची सोय झाली नाही, तर मुलंही बरोबर जातात. दर वर्षी निम्मी शाळा बुडाली तर आठ वर्षांत चार वर्षं बुडतात. त्या मुलीला नववीत आणून बसवायचं आणि म्हणायचं, हिला गोडी नाही! कोणी पहाटे दूध घालून आलेला असतो, कोणी रात्री हॉटेलात काम करून. त्याला झोप येते, त्यात शिक्षकाचा अपमान नसतो.

या तिघांना आपण एकच नाव दिलं आहे. निरुत्साही. म्हणून आपला इलाजही एकच असतो. एखादं प्रेरणादायी व्याख्यान, नाहीतर दमदाटी. व्याख्यानाला टाळ्या पडतात, मुलं दोन दिवस खरंच भारावलेली असतात. तिसऱ्या दिवशी अपूर्णांक जिथे होते तिथेच असतात.

आता पहिल्या कारणाकडे पुन्हा वळू, कारण खरी गुंतागुंत तिथे आहे. मागे सुटलेलं मूल प्रयत्न तरी का करत नाही? १९६७ साली अमेरिकेत मार्टिन सेलिग्मन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांवर काही प्रयोग केले. आज ते वाचतानाही वाईट वाटतं. काही कुत्र्यांना विजेचे झटके दिले आणि त्यांनी काहीही केलं तरी झटके थांबत नव्हते. नंतर त्यांना अशा जागी ठेवलं, की मधला छोटा अडसर ओलांडून पलीकडे उडी मारली की सुटका. इतर कुत्रे ते चटकन शिकले. पण आधी अगतिक झालेल्यांपैकी बरेच उडी न मारता तिथेच पडून राहिले. माझ्या काही करण्याने काही बदलत नाही, हे त्यांनी शिकून ठेवलं, असा त्या वेळी अर्थ लावला गेला. याच दोघांनी जवळजवळ पन्नास वर्षांनी, २०१६ साली, नव्या संशोधनाच्या आधारे आपलंच म्हणणं दुरुस्त केलं. दीर्घ त्रासात गप्प पडून राहणं ही जिवाची मूळ प्रतिक्रिया असते, ती शिकावी लागत नाही. शिकावं लागतं ते ‘माझ्या हातात काहीतरी आहे’ हे, असं त्यांनी मांडलं.

शिक्षकाच्या दृष्टीने ही दुरुस्ती फार मोलाची आहे. चौथीपासून ज्याचं एकही गणित बरोबर आलेलं नाही, तो मुलगा हिशेबी असतो. गृहपाठ न केल्याची शिक्षा दोन मिनिटांची. करून चुकल्याची लाज दिवसभराची. ‘मी केलंच नाही’ म्हणण्यात थोडी ऐट तरी राहते. ‘मी केलं, पण जमलं नाही’ म्हणण्यात काहीच उरत नाही. त्याचा आळस ही त्याची ढाल असते. ती हिसकावून घेण्यापेक्षा तिची गरज संपवावी लागते. गोडी लागली की यश मिळेल, असं आपण समजतो. या मुलांच्या बाबतीत ते उलट आहे. आधी लहानसं, पण खरं यश मिळावं लागतं. गोडी त्याच्या मागून चालत येते.

खरं यश हा शब्द महत्त्वाचा आहे. उगाच ‘शाब्बास’ म्हटलेलं मुलांना लगेच कळतं. बक्षिसांचंही तसंच. १९७३ साली मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवर्गातल्या, चित्रं काढायची मुळातच हौस असलेल्या मुलांवर एक प्रयोग केला. चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र देऊ, असं ज्यांना आधी सांगितलं, त्यांची चित्रं काढायची ओढ पुढे कमी झालेली दिसली. बक्षीस नव्हतं त्यांची तशी झाली नाही. आणि ज्याला भागाकारच येत नाही, त्याच्या दृष्टीने बक्षीस हे दुकानाच्या काचेपलीकडचं खेळणं असतं.

मग करायचं काय? मुलाला त्याच्या पायरीवरून उचलायचं. यात नवं काही नाही. मुंबई आणि वडोदरा इथे २००१ ते २००३ या काळात ‘प्रथम’ संस्थेचा ‘बालसखी’ हा उपक्रम तपासला गेला. तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या मुलांना वस्तीतल्याच शिकलेल्या तरुण मुली रोज साधारण दोन तास वेगळं घेऊन बसत आणि वाचन, आकडेमोड पक्की करून घेत. मुलांच्या शिकण्यात स्पष्ट सुधारणा दिसली. इयत्तेप्रमाणे न शिकवता मुलाच्या पातळीप्रमाणे शिकवण्याची ही रीत नंतर अनेक राज्यांत गेली. त्या अभ्यासकांतले बॅनर्जी आणि दुफ्लो यांना मायकेल क्रेमर यांच्यासह २०१९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते गरिबीच्या प्रश्नावर अशा प्रत्यक्ष प्रयोगांतून उत्तरं शोधण्याच्या पद्धतीसाठी.

माध्यमिक शाळेत कोणी बालसखी मिळत नाही. तिथे जे जमतं ते सांगते. तासाची पहिली पाच मिनिटं मी फळ्यावर तीन छोटी गणितं लिहिते. पहिलं असं, की वर्गातल्या प्रत्येकाला आलंच पाहिजे. दुसरं, मागच्यांना थोडा विचार करून येईल असं. तिसरं पुढच्यांसाठी. निदान एक गणित बरोबर आल्याशिवाय कोणाचाही तास सुरू होत नाही. दुसरी गोष्ट, मागच्या बाकावरच्या मुलाला मी अचानक फळ्यापाशी बोलावत नाही. सोमवारी त्याला बाजूला घेऊन सांगते, ‘गुरुवारी मी तुला वर्गात हे गणित विचारणार आहे. हेच, आकडेही हेच. अडलं तर मधल्या सुट्टीत ये.’

एक मुलगा असा आला होता. शाळा सुटल्यावर तो गॅरेजमध्ये काम करायचा. त्याला दिलेलं गणित होतं ६१८ भागिले ६. त्याचं उत्तर आलं १३. माझ्यापुढे त्याने ते तीनदा केलं आणि तिन्ही वेळा १३ आलं. सहा एके सहा, खाली एक घेतला, एकात सहा जात नाहीत म्हणून लगेच आठ घेतला, सहा त्रिक अठरा. एकात सहा जात नाहीत तेव्हा वर शून्य लिहायचं असतं, ते कोणी त्याला थांबून सांगितलंच नव्हतं. ‘सहाशे रुपये सहा जणांना वाटले तर प्रत्येकाला किती?’ मी विचारलं. ‘शंभर,’ तो म्हणाला. ‘मग सहाशे अठरा वाटले तर तेराच कसे?’ तो बराच वेळ कागदाकडे बघत राहिला. मग म्हणाला, ‘म्हणजे मॅडम, इतकी वर्षं माझं फक्त शून्यच राहत होतं?’

गुरुवारी त्याने वर्गात १०३ लिहिलं. चमत्कार काही झाला नाही. पण तो वही आणायला लागला, आणि चुकलं तर ‘कुठं चुकलं?’ विचारायला लागला. मी हीच खूण धरते. जो चूक विचारतो, त्याने ढाल खाली ठेवलेली असते. दहावीला तो गणितात काठावर पास झाला आणि आयटीआयला गेला.

‘कशासाठी’ विचारणाऱ्यांना डॉक्टर, कलेक्टरच्या गोष्टी सांगून उपयोग होत नाही. शेकडेवारीच्या वेळी मी सावकारीचा हिशेब घेते. आपल्याकडे ‘शेकडा तीन रुपयांनी पैसे काढले’ असं सहज म्हणतात. हे तीन रुपये महिन्याचे. म्हणजे वर्षाला ३६ टक्के. वीस हजार घेतले तर महिन्याला ६०० रुपये, वर्षाला ७,२०० नुसतं व्याज, मुद्दल तसंच. त्या दिवशी वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येईल इतकी शांतता असते, कारण अनेक घरांत ही रक्कम माहीत असते. दुसऱ्या दिवशी मुलं घरचे आकडे घेऊन येतात.

तिसऱ्या कारणावर शिक्षकाचा हात लवकर आखडतो, हे मान्य केलं पाहिजे. हुशार, हसरा असा एक मुलगा वडील आजारी पडल्यावर ऑगस्टमध्ये कामाला लागला. मुख्याध्यापक घरी गेले, मीही गेले. त्याच्या आईने चहा केला आणि म्हणाली, ‘तुम्ही सांगता ते पटतंय, पण चूल कशी पेटवू?’ तो परत आला नाही. अशा वेळी बाहेरून परीक्षेला बसायची वाट तरी दाखवून ठेवता येते. जिथे समाज येऊन उभा राहतो, तिथेच ती शाळा पुरी पडते.

पण शाळेलाही थोडं चालावं लागतं. पालघर जिल्ह्यातल्या कोसबाडच्या टेकडीची आठवण इथे येते. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी इथे बालशिक्षणाचं काम सुरू केलं, ते १९५७ साली कोसबाडला गेलं. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. वारली मुलं शाळेत येत नव्हती, कारण ती गुरं राखायला जात. या दोघींनी ‘यांना गोडी नाही’ असा शेरा मारला नाही. गुरं जिथे चरतात तिथेच शाळा नेली. तिचं नाव कुरणशाळा. आपल्या नववीच्या वर्गात गुरं नसतील, पण मूल जिथे आहे तिथे जायचं, ही रीत तीच आहे.

अलीकडे एक मत जोरात ऐकू येतं, की नापास करणं बंद झालं म्हणून मुलांची भीती गेली आणि सगळं बिघडलं. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यात आठवीपर्यंत मुलाला त्याच वर्गात मागे ठेवायची बंदी होती. २०१९ साली कायदा बदलला आणि महाराष्ट्राने २०२३ साली पाचवी व आठवीला पुन्हा वार्षिक परीक्षा आणली. परीक्षेला माझा विरोध नाही. मूल कुठे आहे हे कळायलाच हवं. पण भीतीने मूल बाकावर बसतं, त्याचं ते राहिलेलं शून्य भीतीने भरत नाही. याच कायद्यात नापास झालेल्या मुलाला निकालानंतर दोन महिन्यांच्या आत फेरपरीक्षा देण्याची आणि मधल्या काळात जादा शिकवण्याची तरतूद आहे. माझं लक्ष त्या दोन महिन्यांकडे लागलेलं असतं. ते नीट वापरले तर परीक्षेचा उपयोग झाला. नाहीतर जुन्या ढकलगाडीला फक्त एक नवं फाटक बसलं.

आता माझे शिक्षक बंधुभगिनी म्हणतील, ‘बाई, वर्गात साठ मुलं, तास पस्तीस मिनिटांचा, वर मतदारयाद्यांचं काम. जमायचं कसं?’ हिशेब खरा आहे. पस्तीस मिनिटं साठ जणांत वाटली तर प्रत्येकाला पस्तीस सेकंद येतात. म्हणून मी सगळ्यांना एकदम धरत नाही. आठवड्याला तीन मुलं. त्यांच्या कागदावरून त्यांची अडलेली पायरी शोधायची आणि त्या आठवड्यात तेवढीच पक्की करायची. जुलैपासून दिवाळीपर्यंत साधारण पंधरा आठवडे मिळतात. सुट्ट्या आणि परीक्षा वजा जाता दहा धरले तरी तीस मुलं होतात. त्यांतली सगळी उभी राहत नाहीत. पण ‘शिकायचंच नाही’ असं जिच्याबद्दल म्हटलं जात होतं ती रांग निम्मी झाली, तरी वर्गाचं हवामान बदलतं. आणि खरं सांगते, शिक्षकाचंही बदलतं. कारण आपल्या करण्याने काही होत नाही ही भावना मुलांइतकीच शिक्षकांनाही गाठते.

शेवटी पालकांना एक विनंती. शाळेत आलात की मुलाच्या देखत ‘याला काही येत नाही, याला बदडा’ असं म्हणू नका. कायद्याच्या सतराव्या कलमाने मारणं आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे, हे तर आहेच. पण ते वाक्य मूल घरी घेऊन जातं आणि खरं मानतं. त्यापेक्षा शिक्षकांना एकच प्रश्न विचारा. ‘हा नेमका कुठे अडला आहे?’ प्रगतिपुस्तकावरच्या गुणांपेक्षा या उत्तराचा उपयोग जास्त. आणि ते उत्तर शिक्षकांकडे लगेच नसलं, तर रागावू नका. आठ दिवसांनी पुन्हा या आणि तोच प्रश्न पुन्हा विचारा. पालक हे विचारायला लागले, की आम्हीही ते शोधून ठेवायला लागू.